लिटरला बारा

दवाखान्यात माझ्या गाडीला सगळे ‘म्हैस’ म्हणतात. रंगाने काळी, अंगाने आखूड पण रुंद, आणि पंपावर गेली की पीत उभी राहते. सोळा वर्षांची छोटी एसयूव्ही आहे ती, आधीच्या मालकाने दहा वर्षं पिदडून मग आमच्या गळ्यात मारलेली. मी मनाला लावून घेत नाही. माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

माझं काम घरोघरी जाऊन व्यायाम करून घेण्याचं. कुणाच्या खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाचं अर्धं अंग गेलेलं. गाडी माझी, पेट्रोल संस्थेचं, आणि शिव्या दोघांच्या वाटणीच्या मला एकटीला, असा आमचा वर्षानुवर्षांचा करार.

त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला फळ्यावर कागद लागला. वाहन विभागात नवे साहेब आले होते. ‘ज्या वाहनांची सरासरी लिटरला बारा किलोमीटरपेक्षा कमी आहे ती महिनाअखेरीस सेवेतून कमी करण्यात येतील.’ खाली यादी होती. यादीत एकच गाडी, आणि तिच्यापुढे आकडा: साडेनऊ.

“कमी करा की,” परिचारिका म्हणाली. “तुम्हाला संस्थेची छोटी गाडी मिळेल. गार हवेची.”

छोटी गाडी मी एकदा वर खाणवस्तीला नेऊन पाहिली होती. दुसऱ्याच वळणावर तिचं पोट खडकाला घासलं आणि पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. तिथून उलटी आणली. वस्तीवर माझी सहा माणसं. गाडी वर जाणार नाही म्हणजे त्यांनी खाली यायचं, आणि कशाने, तर खडीच्या ट्रकने. ज्याला खाटेवरून खुर्चीत बसवायला दोघं लागतात त्याने ट्रकची पायरी चढायची.

त्या सहांत एक टर्नर काका. तीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातत उभा राहिलेला माणूस. एका सकाळी उठला तो उजवी बाजू झोपलेलीच राहिली. आठ आठवडे मी त्यांचा पाय हलवत होते, नवव्या आठवड्यात त्यांनी तो स्वतः हलवला. बोटभर. पण हलवला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पहिले सहा महिने सोडू नका, नंतर पाय ऐकेनासा होतो. आता कुठे तो ऐकायला लागला होता, आणि फळ्यावर कागद.

मी साहेबांकडे गेले. पूर्ण बाह्यांचा सदरा, टाय, टेबलावर एकही कागद तिरका नाही.

“बारा दिले तर राहील ना गाडी?” मी विचारलं.

“ताई, साडेनऊवरून बारा? त्यापेक्षा तुम्ही दुसरी गाडी...”

“बारा दिले तर राहील का, तेवढं सांगा.”

त्यांनी कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला गोल केला. “महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः तपासेन. तुमच्या नेहमीच्या फेरीवर. बारा म्हणजे बारा. अकरा पूर्णांक नऊ म्हणजे नाही.”

“चालेल,” मी म्हटलं. आणि बाहेर आल्यावर मनात म्हटलं, बाई, कुठल्या भरवशावर?

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला सगळे फिल्टर म्हणतात, कारण गाडीला काहीही झालं तरी तो आधी फिल्टर बदलायला सांगतो. त्याच्याकडे गेले तर तो म्हणाला, “फिल्टर बदलू.”

“बदल. आणि मग पुढचं सांग.”

पुढचं बरंच निघालं. एअर फिल्टर झाडला तर अंगणभर धूळ. मागचं उजवं चाक जॅकवर घेऊन फिरवलं तर फिरेचना. ब्रेक अर्धवट धरून बसला होता. म्हणजे वर्षभर मी एका हाताने ढकलत होते आणि दुसऱ्याने ओढत होते. पण खरी गंमत तापमानाच्या काट्याची. तो कायम खाली. आमच्या ह्यांना त्याचा केवढा अभिमान! “आपल्या गाडीचं इंजिन बघ, कसं थंड डोक्याचं,” असं ते पाहुण्यांनाही सांगत.

फिल्टर कपाळाला हात लावून म्हणाला, “काकू, हे थंड डोकं नाही, हा थर्मोस्टॅट अडकलाय, गार पाणी सोडणारी झडप. उघडाच राहिलाय. इंजिन तापतच नाही, म्हणून बिचारं समजतं आत्ताच सुरू झालोय, आणि जास्तीचं पेट्रोल पीत बसतं. थंडीत माणूस चहा पितो ना, तसं.”

थर्मोस्टॅट बदलला. टपावरची लोखंडी जाळी काढली. तिच्यावर चार वर्षांत काही ठेवलं नव्हतं, नुसती वारा अडवत होती. मागच्या डिकीतून वाळूच्या पिशव्या, वजनं, दोन वॉकर आणि कुणाची तरी एक कुबडी निघाली. नेमकं काय लागतं ते रोज सकाळी ठरवायचं आणि तेवढंच भरायचं, असा नियम केला. टायरमध्ये हवा दर सोमवारी, चाकं थंड असताना.

मग फिल्टर शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, “आता चालवा.” चौकापर्यंत गेलो. तो माझ्याकडे नाही, माझ्या उजव्या पायाकडे बघत होता.

“काकू, राग नको. सगळ्यात मोठा बिघाड हा आहे.”

“माझा पाय?”

“सिग्नल दिसतोय लाल, तरी तुम्ही तिथवर दाबत जाता आणि मग ब्रेक मारता. लांबूनच सोडा ना. गियरमध्येच राहू द्या, गाडी आपली आपण जाते, तेव्हा पेट्रोल जवळजवळ जातच नाही. आणि उतारावर न्यूट्रल टाकता ते बंद. त्याने काही वाचत नाही, उलट ब्रेकच्या जिवावर उठता.”

मी दिवसभर लोकांना सांगते, घोट्यातून हळूच, झटका नको, माझ्या हाताला जाणवेल इतकाच दाब. आणि एका मेकॅनिकने तेच मला सांगावं! राग आला होता, पण खोटं काय होतं त्यात? त्या दिवसापासून मी माझ्याच पायाची पेशंट झाले. पॅडलखाली अंडं आहे असं समजून चालवायचं. मागचे हॉर्न वाजवायचे. वाजवू देत.

मोजण्याची रीत ठरवली. तोच पंप, तीच नळी, पहिल्यांदा ‘टक्’ होऊन बंद झाली की बस, थेंबभर जास्त नाही. मीटर शून्यावर. फेरी. परत तोच पंप. हे काम ह्यांनी अंगावर घेतलं. आमचे हे शिंपी, मापाची हौस जन्मजात. गळ्यातली टेप अंघोळीलाच काय ती उतरते. दुकान फेरीपुरतं बंद ठेवून माझ्या शेजारी बसत आणि वहीत लिहीत. पहिल्या आठवड्यात साडेनऊचे दहा पूर्णांक चार झाले. दुसऱ्यात अकरा. त्या दिवशी मी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, हे बघत नाहीत असं पाहून.

मग अकरा पूर्णांक तीन. आणि मग पुन्हा अकरा पूर्णांक तीन. फिल्टरने प्लग बदलले. अकरा पूर्णांक तीन. खिडक्या बंद, गार हवा बंद, आम्ही दोघं घामाने निथळत. अकरा पूर्णांक तीन.

“बास आता,” फिल्टर हात पुसत म्हणाला. “काकू, ही सोळा वर्षांची आहे. हिच्यात आहे तेवढं हिने दिलं. माझ्या पोतडीत आता काही नाही.”

“तुझ्या नसेल,” मी म्हटलं.

पण माझ्याही नव्हतं. पाच दिवस राहिले होते. काकांना मी काही सांगितलं नव्हतं, आणि ते मात्र विचारत, “पुढच्या महिन्यात जिना करायचा ना?” मी म्हणायची, “करायचा म्हणजे करायचाच.”

त्याच आठवड्यात वस्तीच्या वाटेवर टायर पंक्चर झालं. पुढचं डावं. ह्यांनी जॅक लावला, मी नट सैल केले, दोघांनी मिळून स्टेपनी चढवली. जॅक उतरवला आणि हे हात धुवायला पाणी शोधू लागले. मी चार पावलं मागे जाऊन गाडीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

“अहो, ही लंगडतेय.”

“उभी आहे गं ती. उभी गाडी कशी लंगडेल?”

“उभ्या माणसाचंही मी सांगते. डावा पाय आखूड आहे हिचा. दोन-अडीच सेंटिमीटर.”

एक पाय आखूड असला की कंबर कशी एका बाजूला कलते, हे पाहण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. गाडीचा नाकासमोरचा बंपर तसाच कलला होता. मी ह्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि स्टेपनीला सगळीकडून गुंडाळायला लागले. जॅक पुन्हा वर घेऊन, गाडीखाली हात घालून, मातीत गुडघे टेकून, हे पलीकडून टोक धरून, टेप एकदाच पुरेना म्हणून खूण धरून दुसऱ्यांदा लावत. दोनशे नऊ सेंटिमीटर. मग तसंच जॅकवर घेऊन उजवं चाक. दोनशे चोवीस.

“पुन्हा घे,” हे म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

पुन्हा दोनशे चोवीस. पंक्चर झालेलं डिकीत होतं, तेही मोजलं. तेही तेवढंच.

“अहो, स्टेपनी तेवढी मूळची. दोन वर्षांपूर्वी बाकीचे चार टायर तुम्ही आणलेत ना?”

“हो.”

“कुठल्या मापाचे?”

ह्यांनी टेप माझ्या हातातून घेतली. मग टेपची गुंडाळी करत म्हणाले, “दुकानदार म्हणाला, हाच नंबर घ्या. पण मी म्हटलं, तुझा रस्ता तसला, दगडधोंड्यांचा... जरा मोठे असलेले बरे. एकच नंबर वरचा गं. बसले व्यवस्थित.”

आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं. हे शाळेचे गणवेश शिवतात, आणि गणवेश कधीच अंगाबरोबर शिवायचा नसतो, दोन बोटं मोकळा, खाली दुमड ठेवून. ती सवय अशी हाडीमाशी खिळली आहे की आमच्या मुलीचे बूट बारावीपर्यंत पुढून कापूस भरून चालले, आणि माझ्या लग्नातल्या चपलेत मी अजून पोचायची आहे.

“गाडी काय पुढच्या यत्तेत जाणार होती?” मी विचारलं.

“ओरड. ओरड हवं तेवढं.”

मी ओरडणारच होते. पण मातीत बसल्या बसल्या डोक्यात काहीतरी फिरलं. मीटर मोजतो ते चाकाचे फेरे. चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटरला कोण सांगणार टायर बदललेत म्हणून? तो बिचारा जुन्याच मापाने मोजतोय.

“अहो, दोनशे नऊच्या जागी दोनशे चोवीस. म्हणजे शंभर किलोमीटर गेल्यावर खरे किती झाले?”

ह्यांनी खिशातून खडू काढला आणि तिथेच काळ्या दारावर गणित मांडलं. कापडाचा हिशेब ह्यांचा कधी चुकत नाही. “एकशे सात,” ते म्हणाले. आणि मग खडू तसाच धरून, “अकरा पूर्णांक तीनचे... अगं, बारा पूर्णांक एक!”

मी ओरडले, पण वेगळंच काहीतरी. पलीकडच्या शेतातल्या माणसाने काम थांबवून पाहिलं.

खाणीच्या रस्त्यावर दगडांना काय तोटा, आणि खडीच्या ट्रकांसाठी तिथे एकेका किलोमीटरला नंबर टाकून दगड रोवलेला. पंक्चर काढून चाकं पूर्ववत केल्यावर आम्ही दहा दगड मोजून पाहिले. मीटरवर नऊ पूर्णांक तीन. बरोबर तेवढीच खोट.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या दारात मी त्यांच्या आधी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, नमुन्यात ‘मीटरप्रमाणे अंतर’ असं लिहिलंय. उद्या कुणी म्हणेल, माझं घड्याळ मागे आहे म्हणून मी उशिरा आलो नाही. असं चालतं का?”

“घड्याळ मागे असेल तर माणूस दुसरं घड्याळ बघतो, साहेब. तुम्ही दगड बघा.”

“टायर मूळ मापाचे बसवा, मीटर बरोबर होईल.”

“होईल, आणि गाडी बोटभर खाली बसेल. ह्या टायरांपायी दोन वर्षांत पोट एकदाही घासलं नाही.” हे म्हणताना माझं मलाच नवल वाटलं. ह्यांची बाजू मी घेत होते. “तुम्ही येणारच आहात तपासायला. मीटर लिहा. दगडही मोजा. मग ठरवा. पाण्यातल्या म्हशीचं मोल आत्ता कशाला करता?”

त्यांना गाडीचं हे नाव माहीत होतं वाटतं, कारण ते हसू दाबायला खाली बघायला लागले. “मोजतो,” म्हणाले. “पण शब्द देत नाही.”

शेवटच्या दिवशी सकाळी सव्वासातला पंपावर नळी साहेबांनी स्वतः धरली. टक्. मीटर शून्य. पंपासमोरच्या दगडावर तीन लिहिलेलं, ते त्यांनी टिपून घेतलं. वस्तीच्या तोंडाशी पंचेचाळीसचा दगड. मी म्हटलं, पंचेचाळीसातून तीन वजा केले की झालं. ते म्हणाले, “नाही. प्रत्येक दगड मला दिसला पाहिजे.” आणि खरंच मांडीवर वही घेऊन एकेक रेघ ओढू लागले.

पहिले वीस किलोमीटर लोण्यासारखे गेले. मग चढ लागला, आणि पुढे खडीचा रिकामा ट्रक, बैलगाडीच्या चालीने. त्याच्यामागे पहिल्या गियरमध्ये रेंगाळले तर सगळं मातीमोल. ओलांडायला जागा नाही. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“काय झालं?”

“त्याला जाऊ द्या.”

आम्ही बसून राहिलो. ऊन काचेतून थेट मांडीवर. साहेबांच्या कपाळावरून घाम टायवर उतरला. दोन मिनिटांनी त्यांनी टाय काढून खिशात ठेवला. बारा मिनिटांनी वरच्या वळणावर ट्रक दिसेनासा झाला तेव्हा मी चावी फिरवली.

एकतीसचा दगड दिसला नाही. “थांबा,” ते म्हणाले. खाली उतरून कडेच्या चरात शिरले, झुडपं बाजूला केली. दगड तिथे आडवा पडला होता, ट्रकने उडवलेला. वर आले तेव्हा बूट चिखलाने भरलेले. रेघ ओढली आणि म्हणाले, “आहे. चला.” तेव्हा मला भीती वाटली. हा माणूस माझ्या बाजूने खोटं बोलणार नव्हता, आणि विरुद्धही नाही. म्हणजे जो आकडा येईल तो खराच. मग माझ्याकडे म्हणायला काही उरणार नव्हतं.

टर्नर काका दाराशी खुर्चीत तयार बसले होते. “उशीर,” ते म्हणाले. मग साहेबांकडे बघून, “हे कोण? नवे पेशंट? चेहरा तसाच दिसतोय.”

“वाहन विभागाचे साहेब आहेत, काका. गाडी तपासायला आलेत. मीटर कमी दाखवतो, म्हणून दगड मोजतायत.” त्याहून जास्त मी सांगितलं नाही. माणसाच्या आजाराचं प्रदर्शन मांडून सही मागायची नव्हती मला.

काका पाय उचलत, दात आवळून, दोन उचलण्यांच्या मध्ये बोलले. “आमच्याकडे... लेथवर कातलेला जॉब मापात बसला नाही की नवी पोरं... लगेच भंगारात टाकायची. मी म्हणायचो, थांब रे. आधी मोजायचं हत्यार तपास. जॉब कुठे पळून जात नाही.”

“बोलू नका, श्वास घ्या,” मी म्हटलं. “अजून तीन.”

“दोन म्हणाली होतीस.”

“आता तीन म्हणते.”

साहेब बाहेर गेले. उरलेल्या पाच घरांत मी गेले तेव्हाही ते गाडीपाशीच होते, आणि मी परत आले तर ते मोठ्या टायरशेजारी उकिडवे बसून चाक आणि खडक यांच्यात वीत घालून पाहत होते.

उतारावर मी गियर सोडला नाही, एकदाही. पंपावर आलो. मीटरवर अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. वहीत चौऱ्याऐंशी रेघा. नळी त्यांनी लावली. काटा पाचावर गेला, सहावर गेला, आणि तरी टक् होईना. सहा पूर्णांक सहा. मी डोळे मिटले. कुणीतरी म्हणालं, सात. मी आत सात हाच आकडा धरून बसले होते. सातच्या पुढे एक थेंबही गेला तर बारा गेले. माझा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला होता, जणू तिथेही पॅडल होतं.

आणि मग टक्. मी डोळे उघडले तेव्हा काचेवर सहा पूर्णांक पंच्याण्णव होते.

सात मी ऐकलं होतं ते पंपावरचा माणूस शेजारच्या गाडीला ओरडून सांगत होता. मी डोळेच मिटले होते, तर काय कळणार!

साहेबांनी भागाकार दोनदा केला. एकदा वहीत, एकदा तळहातावर. मीटरप्रमाणे अकरा पूर्णांक अठ्ठावीस. दगडांप्रमाणे बारा पूर्णांक शून्य आठ. ते कागदाकडे इतका वेळ बघत राहिले की मागच्या गाडीने हॉर्न दिला.  माझ्या जिभेवर पंधरा वाक्यं होती, ती सगळी गिळली.

मग त्यांनी नमुन्यातल्या ‘मीटरप्रमाणे’ या शब्दावर आडवी रेघ मारली, वर बारीक अक्षरात ‘प्रत्यक्ष मोजून’ असं लिहिलं, बाजूला सही केली, आणि रेघेपाशी आणखी एक.

“दर तीन महिन्यांनी तपासणी होईल,” ते म्हणाले. “आणि बारा म्हणजे बारा.”

“या की. वाट बघते.”

“टायरचं माप कागदावर चढवा. मीटर दुरुस्त करता येतो का बघा. दर वेळी मी चरात उतरणार नाही.”

“तो एकतीसचा दगड आम्ही उभा करून ठेवू, साहेब.”

ते बूट झटकत आत बसले आणि डिकीतून काय खडखडतंय म्हणून विचारू लागले. मी पुढच्या महिन्याच्या फेऱ्यांची यादी त्यांच्याकडून तिथेच मागून घेतली. वस्तीची सहाही नावं होती. टर्नर काकांच्या नावापुढे मी पेनने ‘जिना’ लिहिलं, आरसा नीट केला, आणि पाय हलकेच पॅडलवर ठेवला.